वारंवार बिघडणारे मोटारीचे वातानुकूलन : निदान, वॉरंटी आणि कायदा

आपल्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार आणि गुडघेदुखी यांवरील अभ्यासपूर्ण लेख दरवर्षी असतात, आणि ते असावयासच हवेत. यंदा मात्र एका निर्जीव रुग्णाविषयी लिहिण्याची परवानगी संपादक मंडळाकडे मागितली व ती त्यांनी उदार मनाने दिली. हा रुग्ण आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात उभा असतो. त्याला वर्षातून दोन-तीनदा तरी 'दाखल' करावे लागते, आणि दरवेळी निदानाविना तात्पुरता उपचार करून त्याला घरी पाठविण्यात येते. नवी कोरी मोटार, वॉरंटीची मुदत चालू, आणि वातानुकूलन मात्र चार महिन्यांतून एकदा हमखास बंद, अशी ही व्यथा आहे.

इंदूरच्या जुन्या मंडळींना ही तक्रार थोडी नखऱ्याची वाटेल. उन्हाळ्यात गच्चीवर पडलेल्या बिछान्यावर 'शब-ए-मालवा'चा गारवा अनुभवलेली ती पिढी. परंतु आपल्यातील कित्येक तज्ज्ञ आठवड्यातून एकदा खरगोन, खंडवा, बडवानी येथे रुग्ण तपासण्यास जातात. माळव्याचे पठार सोडून घाट उतरला की निमाड लागतो आणि मे महिन्यात तेथे पारा चव्वेचाळीसच्या वर सहज जातो. त्या गाडीत कधी लसींचा डबा असतो, कधी इन्शुलिन असते, कधी मूत्रल औषधे चालू असलेले वृद्ध वडील असतात. मूत्रल औषधे, बीटा ब्लॉकर आणि घाम रोखणारी कित्येक औषधे घेणाऱ्या रुग्णास उष्मा किती लवकर बाधतो हे या वाचकांना मी सांगावयास नको. तेव्हा वर्कशॉपमधील मनुष्य "साहेब, ही तर आरामाची वस्तू" असे म्हणू लागला, तर ते मुकाट्याने ऐकून घेण्याचे कारण नाही.

या आजाराचे मुख्य लक्षण म्हणजे जॉब कार्डावरील एक ठरावीक ओळ. आमच्याकडे ती हिंदीत ऐकू येते : "सर, बस गॅस कम थी, भर दी है." गाडी परत मिळते, थंडगार वारा येतो, सही होते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

येथे थोडे शरीररचनाशास्त्र आवश्यक आहे. मोटारीच्या वातानुकूलनातील शीतक, ज्याला सगळे नुसते 'गॅस' म्हणतात, हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नव्हे. तो बंद परिपथात फिरतो, आपल्या रक्तासारखा. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. रेडिएटरच्या पुढे बसविलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रवरूप होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डच्या मागे दडलेल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याचे पुन्हा बाष्प होते. बाष्प होताना तो आतल्या हवेतील उष्णता शोषून घेतो. ब्लोअर ती गार झालेली हवा आपल्या तोंडावर सोडतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनला घातक असलेला आर-१२ हा जुना वायू मागे पडला आणि त्याची जागा आर-१३४ए ने घेतली. अलीकडच्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ हा महाग वायू असतो. लहान व मध्यम गाड्यांत हा वायू साधारणपणे अर्ध्या किलोच्या आसपास भरलेला असतो आणि नेमके वजन बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर ग्रॅममध्ये छापलेले असते. ती पट्टी प्रत्येकाने एकदा शोधून तिचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे तिचा फार उपयोग होतो.

रबरी नळ्यांमधून वर्षाकाठी थोडासा वायू झिरपतो, हे खरे. पण चार महिन्यांत यंत्रणा बंद पडण्याइतका वायू कमी झाला तर त्याचा अर्थ एकच : कोठे तरी गळती आहे. पांडुरोगाचा रुग्ण आला, आपण रक्ताची बाटली चढविली, हिमोग्लोबिन वाढलेले पाहून घरी पाठविले आणि रक्तस्राव कोठून होतो याचा शोधच घेतला नाही, तर त्याला वैद्यक म्हणत नाहीत. 'गॅस भरला' हा नेमका तसाच उपचार आहे. शिवाय तो निरुपद्रवीही नाही. या वायूबरोबरच कॉम्प्रेसरचे वंगणतेल फिरत असते. वायू गळतो तेव्हा तेलही थोडे थोडे जाते. ते कमी झाले की कॉम्प्रेसर कोरडा चालून घासतो, एके दिवशी जाम होतो आणि त्याच्या धातूचा चुरा साऱ्या परिपथात पसरतो. मग एका कॉम्प्रेसरवर भागत नाही. कंडेन्सर, व्हॉल्व्ह, ड्रायर सारेच बदलावे लागते. ही अवस्था वॉरंटी संपल्यावर आली तर बिल पाहून आपलाच रक्तदाब मोजावा लागतो.

प्रत्येक बिघाड गळतीचा असतोच असे नाही, आणि येथे चांगली हिस्टरी देणारा मालक निम्मे काम करतो. गाडी धावताना गारवा येतो पण सिग्नलला उभी राहताच ऊब येते, असे असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर किंवा कंडेन्सरमध्ये साचलेल्या धुळीवर घ्यावा. सुरुवातीला उत्तम, अर्ध्या-पाऊण तासाने हवेचा झोतच मंदावतो, आणि ए.सी. थोडा वेळ बंद ठेवल्यावर पुन्हा सुरळीत होते, तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमत आहे. तापमान सांगणारा सेन्सर, व्हॉल्व्ह किंवा तुंबलेला फिल्टर पाहावा. सकाळी ठीक आणि भर दुपारी बंद, हे लक्षण कधी कॉम्प्रेसरच्या चुंबकीय क्लचचे असते. तो झिजला असेल तर तापल्यावर पकड घेईनासा होतो. केवळ "ए.सी. चालत नाही" असे सांगणे म्हणजे रुग्णाने "बरे वाटत नाही" इतकेच सांगण्यासारखे आहे.

गळती शोधण्याच्या रीती ठरलेल्या आहेत आणि अधिकृत वर्कशॉपला त्या ठाऊक असतात. परिपथात दाबाखाली नायट्रोजन भरून दाब उतरतो का हे पाहणे ही पहिली. वायू हुंगणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र सांध्यांवरून फिरविणे ही दुसरी. तिसरी आपल्या नेत्रतज्ज्ञांना घरची वाटेल : तेलात चकाकणारा रंग मिसळायचा, गाडी काही दिवस चालवायची आणि मग जंबुपार प्रकाशात सांधे पाहायचे. फ्लुओरेसीन अँजिओग्राफीचेच तत्त्व. कूलिंग कॉइल दिसत नसल्यामुळे तिची गळती सर्वांत उशिरा सापडते. तिच्यासाठी पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीच्या तोंडाशी यंत्र धरावे लागते. दुरुस्ती झाल्यावर व्हॅक्यूम पंपाने किमान अर्धा तास आतील हवा व ओल काढणे आणि मग वायू वजन करून भरणे, हे दोन्ही टप्पे अपरिहार्य आहेत. आत ओल राहिली तर धातू गंजतो आणि व्हॉल्व्हमध्ये बर्फाचा कण अडकतो. अंदाजाने जास्त वायू भरला तरीही गारवा कमीच होतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

मग वर्कशॉप हे सारे का करीत नाही? लबाडी हे नेहमीचे उत्तर, पण ते अर्धेच खरे आहे. वॉरंटीतील कामाचे पैसे विक्रेत्याला गाडीचा मालक देत नाही, कंपनी देते, आणि ती ठरलेल्या दराने व ठरलेल्या तासांसाठी देते. कूलिंग कॉइल बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत सारा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एक कारागीर दिवसभर अडकतो, महाग भागासाठी कंपनीची पूर्वपरवानगी लागते, आणि काढलेला भाग तपासून कंपनीने दावा नाकारला तर भुर्दंड विक्रेत्याला पडतो. त्या मानाने वायू भरणे तासाभराचे काम. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर हा बिचारा या व्यवस्थेचा निवासी डॉक्टर आहे. त्याच्यावर आवाज चढवून काही साध्य होत नाही. निदान त्याच्या अधिकाराबाहेरचे असेल तर वरिष्ठाकडे रेफर करण्यास भाग पाडणे हाच उपाय.

आमच्या मंडळातील एका बालरोगतज्ज्ञ स्नेह्यांनी हे फार सुरेख करून दाखविले. गाडीचे व कंपनीचे नाव येथे देत नाही, त्याची गरजही नाही. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा वायू भरला, नवव्यात दुसऱ्यांदा, तेराव्यात तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यांनी एकच विनंती केली : किती ग्रॅम भरला ते जॉब कार्डावर लिहा. बॉनेटखालच्या पट्टीवर ४८० ग्रॅम होते, तितकाच भरल्याची नोंद झाली. चार महिन्यांनी गाडी पुन्हा उष्ण झाली तेव्हा त्यांनी वायू भरू देण्यास नकार दिला आणि आधी आतला शिल्लक वायू यंत्राने काढून त्याचे वजन करावयास लावले. ते भरले २१० ग्रॅम. चार महिन्यांत २७० ग्रॅम नाहीसे झाले, हे आता त्यांचे मत राहिले नव्हते, वर्कशॉपच्याच कागदावरचे वर्कशॉपचेच मोजमाप होते. त्यांच्याकडे आणखी एक पुरावा होता. ज्वर मोजण्याचा थर्मामीटर या कामी निरुपयोगी. परंतु दवाखान्यातील लसींच्या फ्रीजमध्ये असणारा थर्मामीटर मात्र येथे चोख काम देतो. सुस्थितीतील यंत्रणेत, आतली हवा फिरती ठेवून दहा मिनिटे चालविल्यावर मधल्या झरोक्यातून सर्वसाधारणपणे पाच ते दहा अंशांची हवा येते, भर उन्हात थोडी अधिक. यांच्या गाडीत चोवीस अंश येत होते. थर्मामीटर, किलोमीटरचा आकडा आणि बाहेरील तापमान एकाच चित्रफितीत घेऊन त्यांनी ती विक्रेत्याला आणि कंपनीच्या विभागीय सेवा व्यवस्थापकाला ई-मेलने पाठविली. आठवड्याभरात रंग घालून तपासणी झाली, कूलिंग कॉइलला सूक्ष्म छिद्र सापडले आणि डॅशबोर्ड उतरला.

कथा येथे संपली नाही. डॅशबोर्ड परत बसल्यावर तो खडखडू लागला, आणि तीन महिन्यांनी कंडेन्सरच्या सांध्यातून दुसरी गळती निघाली. या टप्प्यावर बहुतेक जण थकतात. यांनी पाचही जॉब कार्डांच्या प्रती जोडून वकिलामार्फत नोटीस पाठविली. गाडी बदलून मागितली नाही. मागितले ते इतकेच की, सर्व दुरुस्ती मोफत व्हावी आणि वातानुकूलनाच्या सर्व भागांची वॉरंटी शेवटच्या दुरुस्तीच्या तारखेपासून पुढे लेखी वाढवून मिळावी. कंपनीने एक वर्षाची वाढ दिली. न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही.

ही दुसरी मागणी फार शहाणपणाची होती, कारण वॉरंटीच्या पुस्तिकेत सहसा एक वाक्य असते आणि ते क्वचितच कोणी वाचतो : बदललेल्या भागाला नवी वॉरंटी मिळत नाही, गाडीची जी मुदत उरली असेल तितकीच त्याला लागू होते. म्हणजे मुदत संपण्याच्या आदल्या महिन्यात बसविलेली कॉइल दोन महिन्यांनी फुटली तर ती आपल्या पदरात. त्याच पुस्तिकेत शीतक वायू, फिल्टर, पट्टे यांना बहुधा झिजणाऱ्या व संपणाऱ्या वस्तूंत टाकलेले असते. त्यावर आपला युक्तिवाद असा असावा की, वायू संपला नाही, तर वॉरंटीतील भाग सदोष असल्याने तो वाया गेला, आणि त्या भागाच्या दुरुस्तीत तो मोडतो. दगड लागून फुटलेला कंडेन्सर, उंदराने कुरतडलेली वायर आणि बाहेरून बसविलेल्या उपकरणासाठी कापलेली वायरिंग मात्र वॉरंटीत येत नाही. त्यासाठी विम्याकडे पाहावे. आणि रागाच्या भरात गाडी बाहेरच्या मेकॅनिककडे उघडून घेऊ नये. सील तुटले की कंपनीला नको असलेले निमित्त आपणच पुरवितो.

कागदपत्रांविषयी डॉक्टरांना उपदेश करणे म्हणजे सूर्याला काजवा दाखविणे. तरीही सांगतो. तक्रार जॉब कार्डावर आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी, 'जनरल चेकअप' असे लिहू देऊ नये. गाडी दाखल केल्याची व परत मिळाल्याची तारीख, दोन्ही असाव्यात. समाधानपत्रावर सही करताना "तक्रार वारंवार उद्भवत आहे, तपासणी बाकी" असा शेरा लिहावा. दूरध्वनीवरील प्रत्येक आश्वासनानंतर "आपण आज असे म्हणालात" एवढा दोन ओळींचा ई-मेल पाठवावा. तोंडी बोलण्याचे पुढे काय होते हे आपण सारे जाणतो.

आता कायदा. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली, तेव्हापासून आपल्या व्यवसायात 'कंझ्युमर' हा शब्द उच्चारला की कपाळावर आठी पडते. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या बाजूला, ग्राहक म्हणून, आपणही उभे राहू शकतो, याचा मात्र विसर पडतो. जुन्या १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार तक्रार आपण जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. गाडी मुंबईत घेतलेली असली तरी चालते. पन्नास लाखांपर्यंत किंमत दिली असेल तर जिल्हा आयोगापुढे जावयाचे. त्याचे शुल्क जास्तीत जास्त एक हजार रुपये, पाच लाखांपर्यंत शुल्कच नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून "पुढच्या सर्व्हिसिंगला बघू" या पद्धतीने दिवस काढू नयेत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. ती कंपनीकडे पाठविली जाते आणि पुष्कळदा तेवढ्याने हालचाल होते. आयोगाकडील तक्रार घरबसल्या संगणकावरून दाखल करण्याची सोय २०२० पासून 'ई-दाखिल'वर होती, जानेवारी २०२५ पासून त्यासाठी 'ई-जागृती' आहे.

गाडी रुग्णालयाच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर प्रतिपक्ष पहिल्याच दिवशी "ही व्यापारी हेतूची खरेदी आहे, हे ग्राहकच नव्हेत" असा आक्षेप घेतो. त्याने घाबरू नये. मुंबईच्या लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांच्या खटल्यात, २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ट्रस्टला ग्राहक मानले. नफा मिळविण्याच्या व्यवहाराशी त्या खरेदीचा थेट व निकट संबंध आहे का, ही कसोटी त्यात लावली आहे. २०२४ मध्ये मर्सिडीज गाडीच्या एका प्रकरणात, कंपनीने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या गाडीबाबतही असाच निर्णय झाला. ती तक्रारही उष्णतेचीच होती, गाडीच्या आतला मधला उंचवटा तापण्याची. मात्र अंतिम निकालापर्यंत अनेक वर्षे गेली, हेही लक्षात ठेवावे.

अपेक्षा किती ठेवावी? अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडून 'लेमन लॉ'चे नाव आपण ऐकतो. कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये त्याचा पायंडा पाडला. तेथे साधारणपणे एकच दोष चार प्रयत्नांत गेला नाही, किंवा गाडी एकूण तीस दिवस दुरुस्तीत पडून राहिली, तर बदली गाडी वा परतावा मागता येतो. आपल्याकडे असा आकडा कायद्यात नाही. उलट, २००६ च्या मारुती विरुद्ध गबगोत्रा या क्लचच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची आहे, साऱ्या गाडीची नव्हे, हे त्यामागचे सूत्र. दुसऱ्या बाजूला फियाटच्या गाडीविषयीच्या २०१० च्या निकालात स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करावी आणि मूळचा उत्पादनदोष आढळल्यास पैसे परत करावेत असे सांगितले गेले. तेव्हा सारे काही तज्ज्ञाच्या अहवालावर ठरते. केवळ जॉब कार्डांची चळत पुरेशी होईल या भरवशावर राहू नये. परीक्षणाशिवाय दोष कळत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची तरतूद कायद्याच्या अडतिसाव्या कलमात आहे. त्यासाठी तक्रारीबरोबरच अर्ज द्यावा, आणि गाडी त्याच अवस्थेत राहील असे पाहावे.

प्रतिवादी म्हणून विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही जोडावे, आणि प्रत्येकाने काय केले वा केले नाही हे वेगवेगळे लिहावे. २०२१ मध्ये गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात, विक्रेत्याने जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून माथी मारली होती. विक्रेता हा उत्पादकाचा एजंट नसून स्वतंत्र व्यापारी आहे आणि उत्पादकाला ते ठाऊक असल्याचा पुरावा नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला जबाबदारीतून मोकळे केले. आपल्या बाबतीत सदोष कॉइल ही उत्पादकाची जबाबदारी, आणि चार वेळा गळती न शोधता वायू भरणे ही विक्रेत्याच्या सेवेतील त्रुटी. दोन निदाने, दोन स्वतंत्र परिच्छेद.

आयोगाने मध्यस्थी सुचविली आणि तडजोडीची चिन्हे दिसली, तर तडजोडपत्रात चार गोष्टी नेमक्या शब्दांत असाव्यात : गळतीचे ठिकाण, बदललेल्या भागाचा क्रमांक, भरलेल्या वायूचे ग्रॅममधील वजन, आणि वाढीव वॉरंटीची शेवटची तारीख. यांपैकी वजन लिहून देण्यास वर्कशॉप सर्वांत अधिक का कू करते. तेच सर्वांत आधी लिहून घ्यावे.